पंख्याखालचं पांघरूण

मुलुंडमध्ये लोकरीचं पांघरूण विणणाऱ्या बाईला लोक एकच प्रश्न विचारतात, "कुणासाठी?" प्रश्नात कुतूहल कमी आणि काळजी जास्त. टोपडं विणत असते तर सुनेकडे बघून हसले असते. स्वेटर विणत असते तर "मुलगा बाहेर चाललाय वाटतं" म्हणाले असते. पण चांगलं पाच बाय सहा फुटांचं पांघरूण, तेही ऐन एप्रिलमध्ये, बाल्कनीत बसून, ओढणीने घाम पुसत? समोरच्या विंगमधल्या काकूंनी एकदा आमच्या ह्यांना लिफ्टमध्ये गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" हे म्हणाले, "बरी आहे. फक्त लोकर झाली आहे."

मुंबईच्या थंडीची जी काही अब्रू आहे ती 22 जानेवारी 1962 या एका तारखेवर टिकून आहे. त्या दिवशी सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि थंडीने तसा मनापासून प्रयत्न केल्याचंही दिसत नाही. मुलुंडकरांचं मात्र याबाबतीत वेगळं मत आहे. मागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पुढे खाडी, त्यामुळे "दादरपेक्षा दोन अंश कमीच असतं हो आमच्याकडे" हे वाक्य डिसेंबरात पाच रस्त्यावरून सकाळी फिरायला निघालेल्या प्रत्येक कानटोपीखालून ऐकू येतं. खरं सांगायचं तर मुंबईकराला पांघरूण लागतं. त्याचा थंडीशी संबंध नाही. पंखा पाचवर आणि पांघरूण गळ्यापर्यंत, ही आमची झोपायची रीत. पंखा बंद केला तर उकडतं, पांघरूण काढलं तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. तेव्हा "कुणासाठी?" या प्रश्नाला मी हल्ली "पंख्यासाठी" असं उत्तर देते. विचारणारा गप्प होतो.

क्रोशा मराठी मध्यमवर्गाच्या घरात पाहुणा म्हणून आला आणि घरातल्या एकूण एक वस्तूला कपडे घालून मोकळा झाला. टीव्हीला झालर, फ्रिजच्या डोक्यावर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर काठाला मणी लावलेली जाळी, टीपॉयवर अननसाच्या नक्षीचा गोल, दाराला तोरण. आमच्या घरी टेलिफोन आला तेव्हा तो पहिल्यांदा वाजायच्या आधी सासूबाईंनी त्याचं माप घेतलं होतं. त्या विणायला बसल्या की ओठ हलत राहायचे, "तीन खांब, एक साखळी, तीन खांब, एक साखळी." मध्ये कुणी हाक मारली तर फक्त डावा हात वर व्हायचा. तो खाली येईपर्यंत घरात बोलायचं नाही, मग गॅसवर दूध उतू गेलं तरी हरकत नाही. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब एवढ्या टाक्यांच्या भांडवलावर त्यांनी भाच्या-पुतण्यांची रुखवतं सजवली. त्या रुखवतांतले क्रोशाचे हंस कुणी कधी वापरले असतील असं मला वाटत नाही, पण ते टाकायची छाती अजून कुणाला झालेली नाही. माळ्यावरच्या ट्रंका पाहा.

एवढ्या सवयीची गोष्ट म्हणून आपण तिच्याकडे लक्ष देत नाही, पण क्रोशाची एक गंमत आहे. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर कधीच गेलं. क्रोशाचं हुबेहूब काम करणारं यंत्र मात्र कारखान्यांत आलेलं नाही. मॉलमध्ये स्वस्तात टांगलेला क्रोशाचा टॉप दिसला तर समजावं, तो कुठल्या तरी बाईच्या बोटांतून उतरला आहे आणि तिच्या हातात फारसं काही पडलेलं नाही. आंध्रातल्या नरसापूर भागात मिशनऱ्यांच्या मार्फत एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस रुजली. तिथल्या बायका घरात बसून परदेशी बाजारासाठी विणत होत्या आणि कागदोपत्री 'गृहिणी' होत्या, म्हणजे काहीच करत नव्हत्या. मारिया मीज या जर्मन अभ्यासक बाईंनी 1982 साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळायला 2024 उजाडलं. उलट बाजूला, हौसेच्या क्रोशाची कमालही आपल्याकडेच झाली आहे. 31 जानेवारी 2016 रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या बायकांच्या गटाने तुकडे जोडून तोवरचं जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं पांघरूण अंथरलं, 11,148.5 चौरस मीटरचं. आमच्या ह्यांनी लगेच हिशेब करून सांगितलं, "पावणेतीन एकर. एवढ्यात मुलुंडमध्ये तीन टॉवर उभे राहिले असते." चेन्नईतही लोकरीची गरज आपल्याइतकीच आहे, हे इथे नमूद करून ठेवते.

माझ्या पांघरुणाची सुरुवात एका विलायती खुळापासून झाली. थंड देशांतल्या विणकरणी 'तापमानाचं पांघरूण' विणतात. एक जानेवारीला सुरुवात करायची, रोज एक ओळ, त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे लोकरीचा रंग. शून्याखाली गडद निळा, मग आकाशी, हिरवा, पिवळा, कडक उन्हाळ्याला लाल. वर्षअखेर अख्खं वर्ष अंगावर घेता येतं. भाचीने टोरांटोहून तिच्या पांघरुणाचा फोटो पाठवला. इंद्रधनुष्य दुमडून ठेवल्यासारखं दिसत होतं. मी मुंबईच्या कमाल तापमानाचे आकडे घेऊन बसले. 31, 32, 32, 33, 32, 31. त्यांच्या पद्धतीने विणलं असतं तर एका अखंड नारिंगी पांघरुणात पावसाळ्याची जरा फिकट नारिंगी पट्टी आली असती. गुरुद्वारात द्यायला ठीक.

मुंबईला ऋतूच नाहीत, असं पुण्याची माणसं म्हणतात. काही दिवस मलाही ते पटत चाललं होतं. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनजवळच्या बाजारात झेंडूचा ढीग दिसला. काल ज्याच्यासाठी घासाघीस चालली होती तो आज पायदळी. आणि लक्षात आलं की मुंबईचा ऋतू हवेत शोधायचाच नसतो, तो कचऱ्यात असतो. थर्मामीटरला जे कळत नाही ते झाडूवाल्या मावशींना कळतं. जानेवारीत त्यांच्या ढिगात देशी बदामाची लाल पानं असतात, मेमध्ये सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या, भाद्रपदात निर्माल्य. मग पांघरूण महिन्याप्रमाणे का विणू नये? ज्या महिन्यात मुलुंड जे टाकून देतं, त्याचा रंग त्या महिन्याच्या चौकोनांना.

पहिली अडचण लोकरीची. मुंबईत लोकर म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं. त्याला तुम्ही कांद्याच्या सालीत दिवसभर शिजवा, धुतल्यावर ते होतं तसं पांढरं. खरी लोकर म्हणजे केस. जो केस मेंदी धरतो तो झेंडूही धरतो. बिनरंगाची मेरिनो मागवली. किंमत ह्यांना सांगितली नाही. तिला आधी सौम्य साबणात धुवायचं, मग तुरटी द्यायची, शंभर ग्रॅम लोकरीला पंधरा ग्रॅमच्या आसपास. तुरटी मध्यस्थ. तिचा एक हात लोकरीच्या हातात, दुसरा रंगाच्या, तिच्याशिवाय बहुतेक झाडपाल्याचे रंग दुसऱ्या धुण्याला निघून जातात. पाणी हळूहळू तापवायचं, उकळू द्यायचं नाही, आणि भांड्यातच निवू द्यायचं. गरम लोकर गार पाण्यात टाकली किंवा फार ढवळली की ती आटते, आणि पांघरुणाचा चहाच्या किटलीचा टोपा होतो. रंगाचं पातेलं वेगळं, त्यात पुन्हा आमटी करायची नाही. हा नियम माझ्यापेक्षा घरच्यांनीच जास्त गंभीरपणे घेतला आहे.

कांद्याची साल हा या धंद्यातला सगळ्यात उमदा माल. शंभर ग्रॅम लोकरीला साधारण तेवढ्याच वजनाची साल घ्यावी, आणि शंभर ग्रॅम साल म्हणजे काय हे सोललेल्या माणसालाच कळतं, पिशवीभर होते. भाजीवाल्याला पहिल्यांदा मागितली तेव्हा तो म्हणाला, "सिर्फ छिलका? कांदा नहीं?" मग त्याने शेजारच्या मिरचीवाल्याकडे असं पाहिलं की आमच्या घरची आर्थिक परिस्थिती दोघांना एकदम समजली. आता तो पिशवी भरून ठेवतो. 2019 च्या डिसेंबरात कांद्याने शंभरी ओलांडली होती, तेव्हा माझा हा नाद नव्हता याचं वाईट वाटतं. कांदा परवडत नाही अशा दिवसांत साल फुकट आणायचं सुख काही और असतं. रंग निघतो तो जुन्या सोन्याचा, आणि त्यात हिराकसाची, म्हणजे लोखंडी क्षाराची, चिमूट पडली तर शेवाळी. फक्त वास. ज्या मुलुंडमध्ये 1922 साली सुरू झालेल्या केळकरांच्या सुगंधी कंपनीचा कारखाना आहे, ज्याच्या केळकर-वझे कॉलेजात अत्तरांचं शास्त्र शिकवतात, त्या मुलुंडमध्ये माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उकळलेल्या सालीचा वास जावा ही सोसायटीला शरमेची बाब वाटते. तशी सूचना फलकावर लागली होती. नाव नव्हतं, मजला होता.

डाळिंबाची साल रसवाला देतो. गणपतीच्या दिवसांत मागावी लागत नाही, शेजारीपाजारीच आणून देतात, कारण मुंबईत मखरासमोर फळांची परडी आणि परडीत डाळिंब नाही असं होत नाही. तिचा पिवळा जरा करडा, समंजस. चहाचा चोथा जुलैचा, कारण जुलैत मुलुंड दुसरं काही टाकतच नाही. बाहेर रस्त्यावर पाणी, घरात चहा. त्या रंगाला फिका बदामी म्हणावं. वाईट एवढंच की जुलैत रंगवलेली लडी वाळत नाही. पंख्याखाली, फ्रिजच्या मागे, इस्त्रीच्या टेबलावर फिरून ती शेवटी ह्यांच्या कपाटाच्या दाराला लटकते आणि त्यांच्या शर्टांना पावसाळी कुत्र्याचा वास येतो.

बदामाच्या पानांनी चांगलंच फसवलं. देशी बदाम म्हणजे आमच्या सोसायटीतलं ते छत्रीसारखं झाड. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानं अशी काही लाल होतात की वाटावं, हा रंग लोकरीवर आला तर शालू. आला खाकी. पानातला तो लाल पाण्यात टिकत नाही, टिकतं ते टॅनिन. मासे पाळणारे लोक हीच पानं काचपेटीतल्या पाण्यात टाकतात, तेही त्यासाठीच. पण त्या खाकीत हिराकस घातला की जो राखाडी येतो तो पाहून मी जानेवारीला माफ केलं. कच्छकडचे अजरखवाले काळ्या रंगासाठी भंगारातलं लोखंड आणि गूळ दिवसेंदिवस आंबवत ठेवतात. आमच्या मजल्यावरच्या कच्छी बेनना हे माहेरपासून माहीत. त्या म्हणाल्या, "हिराकस शाने? खिळा नाख, गोळ नाख." बाल्कनीत गंजक्या खिळ्यांची आणि गुळाची बरणी ठेवली आहे. ह्यांनी तिच्यावर 'लोणचं नाही' अशी चिठ्ठी लावली.

याच बेनमुळे फाल्गुनही सुटला. पळस डोंगरात फुलतो, पण डोंगर राष्ट्रीय उद्यानाचा. तिथून फूलच काय, काटकी आणायचीही परवानगी नाही, आणि नसावीच. त्यांच्याकडे होळीला मुलांना केसुड्याच्या, म्हणजे पळसाच्याच, पाण्याने आंघोळ घालतात, म्हणून सुकी फुलं गुजराती किराणा दुकानात मिळतात. सोनमोहराची गोष्ट तशीच. जावातल्या बाटिकच्या प्रसिद्ध तपकिरी रंगात या झाडाची साल पडते हे वाचल्यापासून मी आमच्या गल्लीतल्या झाडांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले होते. पण साल काढायची तर 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आणि पालिकेचा उद्यान विभाग. शेवटी पावसाळ्याआधीच्या छाटणीची वाट पाहिली. ट्रक भरून चाललेल्या फांद्यांमधली एक मागितली तेव्हा कामगार म्हणाला, "एकच? आख्खं न्या ना."

काही रंगांना मी दारातूनच परत पाठवलं. बीट सगळ्यांत लबाड. पातेल्यात साक्षात बनारसी शालू, धुतल्यावर पिवळसर पोतेरं. हळद बीटइतकी खोटी नाही, पण उन्हात उतरते आणि साबणाने लाल होते. यात नवल काही नाही. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या घरातल्या बाईला ते कुणी शिकवायला नको. आंब्याच्या रसाचा डाग आयुष्यभर जात नाही म्हणून त्याचा रंग करावा असं ह्यांनी सुचवलं. जूनच्या महागाईत ते ऐकून घेतलं गेलं नाही.

लाल मात्र विकत घ्यावा लागतो. काष्ठौषधीच्या दुकानात अर्धा किलो मंजिष्ठा मागितली. दुकानदाराने आधी माझा चेहरा नीट न्याहाळला.

"लेपाला हवी की काढ्याला?"

"लोकरीला."

तो थांबला. "लोकरीला काय झालंय?"

मंजिष्ठेची मुळं रात्रभर भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी बेतानेच तापवायची. उष्णता जास्त झाली की लालातला तपकिरी पुढे येतो. पाण्यात चुन्याचा अंश असला की हा लाल खुलतो, आणि भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून येणारं आमचं तलावांचं पाणी अगदी मऊ. म्हणून चिमूटभर खडूची पूड. मंजिष्ठेचा लाल कुंकवासारखा उसळत नाही. जुन्या वाड्यांच्या भाजलेल्या विटेचा तो रंग. पांघरुणात संक्रांत आणि दिवाळी हे दोन्ही सण मी मंजिष्ठेला दिले.

आणि नीळ. धोब्याची नव्हे, ती वेगळी भुकटी; ही झाडाची. नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिला आधी गुळाने किंवा फळातल्या साखरेने आणि चुन्याने फसवून स्वतःचा रंग विसरायला लावावा लागतो. मिशेल गार्सिया या फ्रेंच रंगतज्ज्ञाने लोकप्रिय केलेलं प्रमाण सोपं आहे, एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळातली साखर. लोकरीला इतका चुना झेपत नाही, म्हणून हात आखडता घ्यायचा. झाकण उघडलं की वर तांब्यासारखी साय आणि खाली हिरवट-पिवळं पाणी. त्यात ओली लडी सावकाश सोडायची, बुडबुडा होऊ न देता, आणि थोड्या वेळाने तशीच सावकाश वर काढायची. वर येते ती कच्च्या कैरीच्या रंगाची. मग हवा लागते. आधी कडा निळसर होतात, मग मोरपिशी छटा लडीच्या मध्यावर सरकते, पीळ उलगडला तर आत अजून कैरी शिल्लक असते, तीही बघता बघता निळी होते. हे पाहायला मी इमारतीतल्या मुलांना बोलावते. मोबाइल खाली ठेवून मुलं काही बघताहेत असं दृश्य हल्ली फक्त माझ्या बाल्कनीत दिसतं. नखं आठवडाभर निळी राहतात. बँकेत सही करताना काउंटरवरच्या मुलीने काळजीने विचारलं, "मॅडम, ऑक्सिजन वगैरे चेक केला का?"

हिरव्याची मात्र कमाल आहे. मुलुंडसारखं झाडांचं उपनगर, खिडकीतून बघावं तिकडे हिरवंच, आणि त्या कुठल्याही पानातून टिकाऊ हिरवा रंग निघत नाही. पालक, कडुनिंब, मेथी, सगळ्यांचा हिरवा पहिल्या उन्हात परागंदा. हिरवा हवा तर झेंडूत रंगवलेली पिवळी लडी निळीत बुडवायची. नवरात्रात लोकलच्या बायकांच्या डब्यात रोजचा ठरलेला रंग असतो ना, ते जर नैसर्गिक रंगांवर चालायचं असतं तर हिरव्याच्या दिवसाची तयारी पिवळ्याच्या दिवशीच करावी लागली असती.

एकेकाळी यासाठी माणसं होती. रंगारी होते, नीळ रंगवणारे निराळी होते. पुण्यात 1892 साली सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब रंगारी हे पेशाने वैद्य, आडनाव जावळे. घरात शालू रंगवण्याचा धंदा म्हणून रंगारी झाले. लालबागकडे रंगारी बदक चाळ अजून आहे. धंदा मात्र गेला. 1856 साली मलेरियावर क्विनीन बनवू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनच्या हाती चुकून जांभळा रंग लागला, 1868 मध्ये मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीचा लाल प्रयोगशाळेत तयार झाला, 1897 मध्ये जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. बास. पण म्हणून जुन्या रंगांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. 'नैसर्गिक' म्हटलं की लोकांचे हात जोडले जातात, तेव्हा मला नीळवाल्या मळेवाल्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. 1859 मध्ये बंगालचा शेतकरी याच निळीपायी उठला आणि 1917 मध्ये गांधीजी याच निळीपायी चंपारणला गेले. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, हाही नैसर्गिकच रंगात घालतात, आणि तो विषारी आहे. मी झाडपाल्याने रंगवते त्यात पुण्य काही नाही. मला तो उद्योग आवडतो एवढंच.

आता मुख्य काम, मांडणी. दुकानातल्या लोकरीचं बरं असतं. शेड कार्डावर बोट ठेवायचं, 'हा' म्हणायचं, आला. इथे आधी नक्षी ठरवून रंग मागवता येत नाही. तोच झेंडू, तीच तुरटी, तेच पातेलं, आणि दुसऱ्या खेपेचा पिवळा पहिल्याचा सख्खा भाऊ असतो, जुळा नसतो. तेव्हा आधी रंग येऊ द्यायचे आणि मग त्यांना बसवायचं. हे पंगत बसवण्यासारखं आहे. कोण येणार ते आपल्या हातात नव्हतं, कुठे बसणार ते आहे. दोन मोठ्या आवाजाचे शेजारी नकोत, म्हणून मंजिष्ठा आणि नीळ समोरासमोर. एकमेकांशी न बोलणारे खाकी आणि राखाडी यांच्यामध्ये गप्पिष्ट झेंडू. बिनरंगाची पांढरट लोकर वाढप्यासारखी सगळ्यांच्या मधून फिरती, प्रत्येक चौकोनाची शेवटची ओळ तिची. मी चौकोन जमिनीवर मांडते आणि रात्रभर तसेच ठेवते. सकाळी उठून जो चौकोन आधी डोळ्यात खुपतो त्याची जागा बदलते. कामाला येणाऱ्या मावशी केर काढताना मध्ये थांबून एखादा चौकोन पायानेच सरकवतात आणि त्यांचं बहुतेक बरोबर असतं.

झाडपाल्याचे रंग सहसा भांडत नाहीत, हे मात्र खरं. त्याचं कारण साधं. कारखान्याच्या रंगात एकच रंगद्रव्य असतं, ठणठणीत. मुळात, सालीत, फुलात ती अनेक असतात. मंजिष्ठेच्या लालात थोडा पिवळा असतो, कांद्याच्या सोन्यात थोडा तांबूस, आणि सगळ्यांना वरून टॅनिनचा हलका काळोख. प्रत्येकात दुसऱ्याचं थोडं मुरलेलं असल्यामुळे शेजार निभावतो.

रंगांपेक्षा त्रास टोकांचा. रंग बदलला की दोन टोकं सुटतात, चौकोनाला चार-पाच रंग, आणि चौकोन शेकड्याने. प्रत्येक टोक सुईत ओवून मागच्या बाजूने लपवायचं. विणकामातलं हे एकमेव काम आहे ज्याचं कुणी कौतुक करत नाही, कारण नीट झालं तर दिसत नाही. क्रिकेट बघता बघता ते ह्यांच्याकडे कधी गेलं ते दोघांनाही कळलं नाही. कसोटी सामन्याला टोकं चांगली लपतात. वीस षटकांच्या सामन्यात गाठी पडतात.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. महाराष्ट्राचं खरं पांघरूण हे नव्हे. आपलं पांघरूण म्हणजे गोधडी, आणि त्याहून जुनी घोंगडी. दख्खनी मेंढीची काळी लोकर, धनगरांनी कातरलेली, सनगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. तिला रंगवायची भानगडच नाही. मेंढी रंगवूनच पाठवते. पाऊस, थंडी, दगड, काटे सगळ्याला पुरून उरणारी ती घोंगडी आज शहरात कुणी घेत नाही, कारण टोचते. मी माझ्या पांघरुणाच्या चारी कडांना दख्खनी लोकरीची काळी किनार विणली आहे. मेरिनोच्या शेजारी ती जरा राकट दिसते, पण कडा तिनेच धरल्या आहेत. टोचते हेही खरं.

पुरं झालं की असलं पांघरूण घरात राहत नाही, परदेशी जातं. पहिलं टोरांटोलाच गेलं. विमानतळावर वजनाचा प्रश्न येतो. तेवीस किलोंच्या बॅगेत पांघरूण दीड किलो, आणि नेमकी तेवढीच चकलीची भाजणी बाहेर काढावी लागली. भाचीने पांघरुणाचे आभार मानले, भाजणीची दोनदा चौकशी केली. तिला विचारलं, तुझ्या तापमानाच्या पांघरुणाशेजारी आमचं कसं दिसतं? म्हणाली, "मावशी, माझ्यातलं कुठलं वर्ष ते सांगावं लागतं. तुझ्यातला दसरा न सांगता कळतो."

तुमच्याकडे असं पांघरूण कुणी दिलं तर एवढं करा. मशीनमध्ये टाकू नका. साध्या गार पाण्यात रिठा घालून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, आणि आडवं पसरून सावलीत वाळवा. आणि मुलुंडमध्ये राहत असाल तर कांद्याची सालं कोरडी ठेवा. मी घेऊन जाईन.